ब्लूम सर

प्रत्येक कॉलेजात एक असतात. पद आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजातल्या गुणवत्ता कक्षाच्या, समन्वयकाचं, विषय बहुधा भूगोल किंवा वाणिज्य, काखेत बॉक्स फाईल. चालणं असं, की कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती गेटपर्यंत येऊन ठेपली आहे. आमच्या सरांना ब्लूम सर म्हणतात. बेंजामिन ब्लूम या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९५६ साली शिकण्याच्या उद्दिष्टांची एक उतरंड रचली. ती आमच्या सरांनी डोक्यावर घेतली, ती आजतागायत खाली ठेवलेली नाही.

प्राध्यापकाला शिकवायला शिकवता येतं, ही त्यांची श्रद्धा. स्टाफरूमची श्रद्धा नेमकी उलटी. “तीस वर्षं शिकवतोय, आता हे आम्हाला शिकवणार?” असं म्हणणारे ज्येष्ठ मात्र पदोन्नतीची फाईल निघाली, की गुपचूप शेजारी येऊन बसतात. “सर, एखादा रिफ्रेशर कोर्स बघा ना. ऑनलाइन असेल तर बरं.” सर बघतात. त्यांना सगळे रिफ्रेशर तोंडपाठ असतात. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर निघालेली ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजं, २०१५ साली त्यांची झालेली मनुष्यबळ विकास केंद्रं, आणि २०२३पासूनची मालवीय मिशनची केंद्रं. तिन्ही पाट्यांखाली सर जाऊन आले आहेत. चहा तिन्हीकडे तोच होता म्हणतात.

लॉकडाऊन हा त्यांचा सुवर्णकाळ. मोबाईलवर प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाची एक एफडीपी, लॅपटॉपवर दुसरी, आणि दोन्हीकडे “गुड मॉर्निंग सर” टाकून हजेरी. शेवटी गुगल फॉर्म भरला, की प्रमाणपत्र मेलवर. आमच्या संस्कृतच्या मॅडमकडे सायबर सुरक्षेचं प्रमाणपत्र आहे, ते सरांच्याच कृपेने.

पण सरांना बघावं ते त्यांनी स्वतः भरवलेल्या कार्यशाळेत. दीपप्रज्वलन, पाहुण्यांना तुळशीचं रोप, मग पाहुण्यांचा परिचय. तो वाचणाऱ्याला मध्ये पाणी प्यावं लागतं. पाहुणे ‘विद्यार्थिकेंद्री अध्यापन’ या विषयावर दोन तास एकटेच बोलतात. त्यानंतर गटकार्य. तक्ते आणि स्केचपेनं वाटली जातात आणि वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारे दोन विभागप्रमुख हटकून एकाच गटात येतात. प्राध्यापकांच्या हाती तक्ता दिला, की ते झाड काढतात. का, ते विचारू नका. मुळांशी मूल्यं, खोडाशी ज्ञान, फांद्यांवर कौशल्यं, आणि फळाच्या जागी रोजगार. पाच गट, पाच झाडं. सर प्रत्येक झाडापाशी जिओटॅग फोटो काढतात. अक्षांश-रेखांश नीट आले नाहीत, तर झाड पुन्हा धरायला लावतात.

शेवटी फीडबॅक फॉर्म. सगळे ‘उत्कृष्ट’वर सरळ रेघ ओढून मोकळे होतात. एकदा कोणीतरी सूचनांच्या रकान्यात ‘जेवणात गुलाबजाम हवा होता’ असं लिहिलं. दुसऱ्या कोणी ते हसण्यावारी नेलं असतं. सरांनी त्याचा पाय-चार्ट केला, सभेच्या इतिवृत्तात नोंद घेतली, आणि पुढच्या कार्यशाळेनंतर ॲक्शन टेकन रिपोर्टमध्ये लिहिलं: ‘सूचनेची अंमलबजावणी झाली.’ खरोखर झाली होती. माणशी दोन.

आता एक गोष्ट, जी त्यांच्या एकाही फाईलीत नाही. आमच्याकडे तासिका तत्त्वावर एक तरुण मॅडम आल्या. वर्गात गोंधळ, मॅडम रडकुंडीला. सर एक दिवस त्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसले. तास संपल्यावर जिन्यात थांबून, उतरंडीचं नावही न काढता म्हणाले, “मॅडम, फळ्यावर लिहिताना बोलू नका, मागे पंख्याशिवाय काही ऐकू येत नाही. आणि प्रश्न विचारता, तर लगेच उत्तरही तुम्हीच देता. मनात दहा आकडे मोजा. मुलं गप्प बसली, तरी मोजा.”

मॅडमनी मोजले. आठाला मागच्या बाकावरचा एक मुलगा काहीतरी चुकीचं बोलला, त्याला दुसऱ्याने दुरुस्त केलं, तिसरी मुलगी दोघांशी भांडली. तो तास घंटा झाल्यावरही चालू होता.

मी सरांना म्हटलं, “अहो, हे लिहा की अहवालात! नॅकचा दुसरा निकषच आहे, अध्यापन-अध्ययन.”

“पुरावा?” सर म्हणाले. “फोटो कुठाय?”

दुसऱ्या दिवशी ते मोबाईल घेऊन वर्गात गेले. “मॅडम, काल मोजत होतात तशाच उभ्या राहा.” मॅडम उभ्या राहिल्या. फोटो नीट आला, अक्षांश-रेखांशासकट.

प्राचार्य फाईल चाळताना त्या पानावर थांबले. “या मॅडम नुसत्याच उभ्या आहेत. काही शिकवत नाहीत. हा कशाला लावलाय?”

सरांनी तो काढला आणि तिथे झाडाचा लावला.