बांबू कोणाच्या खांद्यावर?

देवापुढे उदबत्ती लावताना तिच्या काडीचं मूळ गाव कोणी विचारत नाही. कित्येक वर्षं ते गाव व्हिएतनाममध्ये नाहीतर चीनमध्ये असायचं. भारतात बांबूखालचं क्षेत्र दीड लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्मं. तरी आपला धूर परदेशी! 2011 मध्ये काड्यांवरचं आयात शुल्क 30 वरून 10 टक्क्यांवर आणलं, जहाजं भरभरून काड्या आल्या आणि इथल्या काडी तासणाऱ्या बायांचे हात रिकामे झाले. मग आत्मनिर्भरतेचा साक्षात्कार झाला आणि 2020 मध्ये शुल्क 25 टक्के केलं. देव दोन्ही काळात प्रसन्नच होता.

यात बांबूची काही चूक नाही. चूक त्याच्या कागदपत्रांत. 1927 च्या वन कायद्याने त्याला झाड ठरवलं होतं. तो गवताच्या कुळातला आहे हे कॉलेजातल्या पोराला ठाऊक, पण एकदा झाड ठरवलं की तोडायला परवानगी, न्यायला वाहतूक परवाना, आणि यातलं काही नसेल तर गुन्हा. 2017 मध्ये, म्हणजे नव्वद वर्षांनी, सरकारने दुरुस्ती करून त्याला झाडांच्या यादीतून मोकळं केलं. पण खरी सुटका तो वनक्षेत्राबाहेर उगवला असेल तरच. आत उभा असेल तर कायद्याला तो अजून वनउपजच दिसतो.

ही शिस्त सगळ्यांना सारखी होती असं मात्र समजू नका. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी कर्नाटकातल्या दांडेलीच्या कागद कारखान्याची गोष्ट अनेकदा लिहिली आहे. कारखान्याला सरकारी जंगलातला बांबू टनामागे दीड रुपया दराने मिळत होता. टोपल्या-सुपं विणणाऱ्या बुरुडाला तोच टन बाजारात हजारांच्या घरात पडायचा. दीड रुपयाने मिळणारी वस्तू कोण जपून वापरणार? बेटं झपाट्याने संपायला लागली. आता ठपका कोणावर ठेवायचा? गावकऱ्यांवर आणि त्यांच्या गुरांवर, ते तर ठरलेलंच. गाडगीळ गावकऱ्यांसोबत बेटांपाशी जाऊन बसले तेव्हा कळलं की तोड सोपी व्हावी म्हणून कारखान्याची माणसं बुडाशी असलेलं काटेरी आच्छादन साफ करत होती. त्या काट्यांच्या आतच कोवळे कोंब वाढतात. काटे गेले, कोंब उघडे पडले, गुरांनी आणि वानरांनी खाल्ले. बेट मोकळं केलं की ते जोमाने वाढतं, अशी वनशास्त्राची समजूत होती. गुराख्यांना खरं माहीत होतं, पण गुराख्यांना कोणी समितीवर घेत नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने कोणी समितीवर घेण्याची वाटच पाहिली नाही. वनहक्क कायदा 2006 चा. त्यात बांबू गौण वनउपज म्हणून स्पष्ट लिहिलेला. गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू गावाचा झाला, पण तो गावाबाहेर न्यायला लागणारा परवाना वनखातं देईना. का? 1927 च्या कायद्यात ते झाड आहे ना! म्हणजे माल तुमचा, पण तो जागच्या जागी उभा राहून बघत बसायचा. शेवटी एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण त्या गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. एका पावतीपुस्तकासाठी दिल्ली आणि मुंबई दोघांना धानोरा तालुक्यात यावं लागलं. बाकीच्या गावांकडे एवढे पाहुणे कुठून यायचे?

बांबू-लाकूड सगळं धरूनही राष्ट्रीय उत्पन्नात वनव्यवसायाचा वाटा जेमतेम सव्वा टक्क्याच्या आसपास धरला जातो. आकडा ऐकून अर्थखात्यातल्या माणसाला जांभई यावी. पण 2011 च्या जनगणनेत देशातली जवळपास निम्मी घरं सरपणावर भाकरी भाजत होती. डोक्यावरून येणाऱ्या त्या मोळीची गंमत अशी, की दिल्लीतला सांख्यिकी अधिकारी तिला अंदाजाने उत्पादनात धरतो आणि नाक्यावरचा वनरक्षक तिला चोरीत. एकच मोळी, दोन सरकारी नोंदी. इमारती लाकूड म्हणाल तर त्यातलं काही न्यूझीलंडहून गुजरातमधल्या कांडला बंदरात उतरतं आणि गांधीधामच्या वखारींत कापलं जातं. त्याला कोणी हटकत नाही.

आपला साग मात्र मोठ्या घरी पडला आहे. संसदेच्या नव्या इमारतीत नागपूरचा, अयोध्येच्या मंदिरात चंद्रपूर-गडचिरोलीकडचा. छाती फुगावी अशीच गोष्ट. गडचिरोली जिल्ह्याच्या दोन-तृतीयांशाहून अधिक भागावर जंगल आहे, आणि दरडोई उत्पन्नाच्या यादीत हा जिल्हा शोधायचा असेल तर यादी खालून वाचावी, वेळ वाचतो.

जंगलाचा सरकारी भावही ठरलेला आहे बरं का. खाणीला किंवा धरणाला वनजमीन द्यायची तर त्या जंगलाकडून मिळणारं पाणी, हवा, माती, लाकूड वगैरे सगळ्याचं ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरून घेतात. 2022 च्या सुधारित दरांनुसार ते हेक्टरी साधारण 9.57 लाख ते 15.95 लाख रुपये. अभयारण्य असेल तर पाचपट, राष्ट्रीय उद्यान असेल तर दहापट. आता हेक्टरचे चौरस फूट करा. अव्वल दर्जाचं घनदाट जंगलही चौरस फुटाला 15 रुपयांच्या आत बसतं. एका वडापावात एक फूट, वर चटणी. पुण्यात याच्या कितीतरी पट पैसे आपण बिल्डरला फक्त झाडं ‘दिसण्याचे’ देतो. पर्यायी वनीकरणाचा खर्च वेगळा घेतात, हे खरं. खाणीच्या खड्ड्यातून दुसऱ्या तालुक्यातली ती रोपं दिसत नाहीत, एवढंच.

हा भाव भरायची सोयही उत्तम आहे. कंपनीने ‘परिवेश’ नावाच्या पोर्टलवर अर्ज टाकायचा. फाइल कुठल्या टेबलावर आहे तेही घरबसल्या दिसतं. जंगलातच राहणाऱ्याने हक्क मागायचा असेल, आणि तो आदिवासी नसेल, तर मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे 2005 च्या डिसेंबरआधीच्या 75 वर्षांचा पुरावा हवा. वजाबाकी करा: 1930. नियमांत गावातल्या म्हाताऱ्याचा जबाबही चालतो, पण तालुक्याच्या टेबलावर कागदच लागतो. आता 1930 सालचा जंगलातला कागद कुठे मिळेल? त्या वर्षी पुसदला लोकनायक बापूजी अण्यांनी कायदा मोडून राखीव जंगलातलं गवत कापलं आणि वऱ्हाडात जंगल सत्याग्रह पेटला. कोकणात चिरनेरला तर गोळीबार झाला. ज्यांचे आजोबा त्या धामधुमीत पकडले गेले, त्यांचा कागद तुरुंगाच्या दफ्तरात निघेल. जे चपळ होते, त्यांच्या नातवांची पंचाईत आहे.