विद्युत्‌रथाच्या धन्यास अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री मुंबईकर बंगलेदार, मुक्काम थळ, तालुका अलिबाग, यांचे सेवेशी, शेजारच्या वाडीतून कृतानेक नमस्कार विनंती विशेष.

खंडेरी-उंदेरी ओटीवरून दिसावीत अशा बेताने आपण जे जुने कौलारू घर खरेदी केलेत, त्याच्या जीर्णोद्धाराचा जो संकल्प सोडलात आणि त्यातील प्रत्येक वस्तूच्या निवडीत जी रसिकता प्रकट केलीत, तिचे यथार्थ वर्णन करण्यास नारळी-पोफळीत जन्म घालवलेल्या आमच्यासारख्याची वाणी असमर्थ आहे. फरशी परदेशी, नळाच्या तोट्या परदेशी, आणि अंगणातल्या जांभ्या चिऱ्यांच्या सांध्यांत उगवावयाचे गवतही, म्हणे, नमुना पाहून मंजूर झालेले. या मंजुऱ्यांच्या गर्दीत विजेची मंजुरी तेवढी राहून गेली.

मांडव्यास रोरो बोटीतून उतरलेला आपला विद्युत्‌रथ दारी आला तेव्हा भिंतींना रंग लागून चुकला होता आणि चिरे बसून गेले होते. आता आपण 7.4 किलोवॅटचा चार्जर बसवू म्हणता. तो सिंगल फेजवर 32 अँपिअर ओढणार, तोही चहाच्या किटलीसारखा घटकाभर नव्हे, तर तासन्‌तास. आणि त्याच रात्री तिन्ही शयनगृहांतील गारव्याची यंत्रे व विहिरीवरचा पंपही आपला हक्क मागणार. मीटरमागील मंजूर भार मात्र पूर्वीच्या मालकाच्या चार दिव्यांचा व दोन पंख्यांचा हिशेब सांगत आहे! महावितरणकडे भारवाढीची दरखास्त, मीटरपासून थेट निघणारी किमान 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, तिचा स्वतंत्र एमसीबी व आरसीसीबी, खाऱ्या हवेत न गंजणाऱ्या पेट्या आणि नीट तपासून घेतलेले अर्थिंग, एवढ्या क्षुल्लक गोष्टींचा विचार आपल्या वास्तुविशारदासारख्या सौंदर्योपासकाने करावा तरी का? अंगणाखालून एक रिकामा पाइप आधीच टाकून ठेवा, असे गावचा वायरमन सुचवीत होता, असे ऐकतो. परंतु त्याच्यापाशी नकाशा नव्हता.

राखीव विजेची आपली तजवीज तर याहून अद्भुत. 12 व्होल्टच्या, 150 अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांत मिळून उण्यापुऱ्या 3.6 युनिटांचा संचय. आपल्या रथाच्या उदरात 40 युनिटे मावतात. घरची शिल्लक त्यास अर्पण केल्यास तो अलिबागेस जाऊन कसाबसा परतेल, आणि आपण पंख्याविना त्याचे स्वागत कराल. वास्तविक काही नव्या गाड्या आपल्या पोटातील वीज घरच्या उपकरणांना देऊ शकतात. म्हणजे दान उलट्या दिशेने व्हावयास हवे होते. पण खरेदीच्या वेळी आपण आसनांच्या चामड्याचा रंग विचारलात.

छतावरील 3 किलोवॅटच्या सौरयंत्रणेस सरकारातून 78,000 रुपयांचे अनुदान मिळाले आणि आपण स्वयंपूर्ण झालो, अशी आपली खातरजमा झाली. पुढे भर दुपारी बाहेरची वीज गेली, तेव्हा तळपत्या सूर्याखाली घरातलीही गेली, आणि आपण कंत्राटदारास लबाड ठरवलेत. तो लबाड नव्हता. बॅटरीविना जोडलेली साधी सौरयंत्रणा वाहिनी मृत होताच आपण होऊन थांबते, कारण घरची वीज उलट खांबावर गेली तर वर चढलेल्या लाइनमनचा प्राण जाईल. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरचे खांब आडवे केले, तेव्हा ते पुन्हा उभे करणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. म्हणून आपल्या नव्या जनरेटरपुढे, त्याची वीज तशीच उलट खांबावर जाऊ न देणारा, चेंजओव्हर स्विच नाही, हे कळल्यापासून आम्हांस आपला उपरोध करणेही जड जात आहे. तो स्विच या आठवड्यातच बसवावा.

समोरच्या खंडेरीकडे एकवार पाहावे. 1679 मध्ये महाराजांच्या आज्ञेने तेथे तटबंदी उभी राहू लागली, तेव्हा इंग्रजांची मोठी गलबते वाट अडवून बसली होती. तरीही थळच्या बाजूने रात्री लहान होड्या निसटत आणि रसद पोचती करीत. तट बांधून झाल्यावर रसदेचा विचार करू, असे त्या कामावरच्या कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

तूर्त आपणांस अंगणातील चिऱ्यांची एक ओळ उखडावी लागेल, ओटीची एक भिंत फोडावी लागेल आणि ते गवत पुनश्च मंजूर करून घ्यावे लागेल. त्या वायरमनला बोलवावे. तो नकाशाविनाही येईल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
शेजारचा वाडीवाला

ता. क. : जनरेटरच्या धुराचे नळकांडे सांप्रत आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळलेले आहे. भिंत फोडणार आहातच, तर तेही फिरवून घ्यावे.