पाटीवर नाव कुणाचं?

दर मंगळवारी संध्याकाळी साडेसातला आमच्या क्लबाची सभा असते, म्हणजे सव्वाआठला अध्यक्ष घंटा वाजवतात. घंटा पितळेची, हातोडी शिसवी, आणि ती वाजवायचा मान फक्त अध्यक्षांचा. मागे एका सदस्याच्या नातवाने ती मध्येच बडवली, तेव्हा सभा सुरू झाली असं धरायचं की नाही यावर वीस मिनिटं खल झाला. आमचा क्लब चाकवाल्यांचा की सिंहवाल्यांचा, ते सांगत नाही. दोन्हीकडची मंडळी आमच्याच अपार्टमेंटात राहतात आणि पाण्याच्या टँकरची यादी त्यांच्या हातात असते.

तसा फरकही फार नाही. रोटरी आणि लायन्स, दोन्ही शिकागोत जन्मले. एक १९०५ साली, दुसरा १९१७ साली. चाकवाल्यांकडे सभासदांच्या बायकांना 'ॲन' आणि मुलांना 'ॲनेट' म्हणायची जुनी पद्धत आहे, त्यामुळे घरून निघताना सुमंगला, वरलक्ष्मी आणि शुभांगी असलेल्या बायका हॉलच्या दारात सरसकट ॲन होतात. सिंहवाल्यांकडे दंड वसूल करणाऱ्या पदाधिकाऱ्याला 'टेल ट्विस्टर' म्हणतात, म्हणजे शेपूट पिरगाळणारा. मी विनोद करत नाही, हा अधिकृत हुद्दा आहे.

माझ्याकडे त्याच जातीचं काम आहे. उशीर झाला की दंड, बिल्ला विसरला की दंड, वाढदिवस आला की दंड. शिवाय माईक चालतो का पाहणं आणि जुलैसाठी हार आणणं, हेही माझ्याच गळ्यात. "हे बंगळुरू शहर शहाजीराजांची जहागीर होतं," असं मी एकदा उत्साहात म्हणालो, तर मलाच शंभर रुपये पडले.

सभेला पाहुणे असतात. पाहुण्यांची ओळख करून देणाऱ्याची ओळख आधी दुसरा एक जण करून देतो. परवा तळ्यांवर बोलायला एक अभ्यासक बाई आल्या होत्या. दोन ओळखी, मागच्या सभेचा वृत्तान्त आणि तीन वाढदिवस होईपर्यंत बाईंच्या वाट्याला अकरा मिनिटं उरली. धर्मांबुधी तळ्याच्या जागी मॅजेस्टिकचा बसस्टँड झाला आणि संपंगी तळ्यात कंठीरव स्टेडियम उभं राहिलं, इथवर त्या आल्या आणि अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. मग स्मृतिचिन्ह, आभार आणि फेलोशिप. फेलोशिप म्हटलं की मला पूर्वी विद्यापीठ आठवायचं. इथे तिच्यात सोडा घालतात.

आमचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. त्याच दिवशी डॉक्टर दिन आणि सीए दिनही असतो, आणि आमच्यात मुबलक काय असेल तर डॉक्टर आणि सीए. निम्म्या क्लबाने उरलेल्या निम्म्याला शाल पांघरली की सेवेचा पहिला दिवस सुफळ संपूर्ण. लगोलग वनमहोत्सव, कन्हैयालाल मुनशींनी १९५० साली तो सुरू केला तेव्हा त्यांच्या मनात रोप होतं, आमच्या मनात बॅनर असतो. ५ सप्टेंबरला शिक्षक. १५ सप्टेंबरला विश्वेश्वरय्यांची जयंती म्हणून इंजिनिअर. बंगळुरूत इंजिनिअर निवडायचा म्हणजे चिठ्ठ्याच टाकाव्या लागतात. सत्कारमूर्तीच्या डोक्यावर म्हैसुरी पेटा चढतो. क्लबाचा पेटा एकच, आणि तो एका घसघशीत डोक्याच्या माजी अध्यक्षांच्या मापाने घेतलेला. गेल्या वर्षीच्या शिक्षिकाबाईंच्या तो भुवयांखाली उतरला आणि फोटो निघेपर्यंत त्या काहीही न दिसता प्रसन्न हसत उभ्या राहिल्या.

रक्तदान होतं, मोतीबिंदूची शिबिरं होतात, शाळांना बाकं जातात. ते खरंच होतं, आणि चांगलं होतं. घोडं अडलं ते शौचालयापाशी.

विषय काढला आमच्या मूर्तीसारांनी. मूर्तीसार एचएमटीतून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या पुढे. मनगटावर अजून किल्लीचं घड्याळ आणि ते बरोबर, त्यामुळे साडेसातला रिकाम्या हॉलमध्ये एकटेच बसलेले असतात. एका मंगळवारी उठून म्हणाले, बाजारात दिवसभर बसणाऱ्या बायकांसाठी एक शौचालय बांधू या. शांतता पसरली. कुणीतरी पुटपुटलं, आपली परंपरा बघून काहीतरी करावं. मूर्तीसार म्हणाले, परंपराच सांगतो. रोटरीचं पहिलं समाजकार्य कोणतं? शिकागोत सार्वजनिक शौचालयं व्हावीत म्हणून १९०७ साली केलेली खटपट. विरोध कुणाचा, तर बिअरवाल्यांचा आणि मोठ्या दुकानदारांचा. पुरुषांना गुत्ते आहेत, बायकांना दुकानं आहेत, वेगळी सोय कशाला, असं त्यांचं म्हणणं.

यावर बोलायला जागा नव्हती. शिवाय मूर्तीसारांना उलट बोलवत नाही. १९८५ साली रोटरीने जगातून पोलिओ घालवायचं मनावर घेतलं, त्या कामात हा माणूस रविवारमागून रविवार सरकारी नर्सबाईंच्या शेजारी बर्फाची पेटी सांभाळत उभा राहिलेला आहे. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला प्रमाणपत्र मिळालं. साडेसातची सभा साडेसातला सुरू करता येत नाही अशाच माणसांचा यात हात होता, हे मला अजून पचवता आलेलं नाही.

ठराव एकमताने मंजूर झाला. पैशाचीही अडचण नव्हती. ज्या दात्याकडे जावं तो तयार. प्रश्न आला पाटीचा. आमच्याकडे देणगी म्हटली की संगमरवरी पाटी आलीच, आणि पाटी म्हटली की कैलासवासी वडील आले. पहिल्या दात्याने बसथांब्याला अप्पांचं नाव दिलं होतं, बागेतल्या बाकांना आईचं. इथे मात्र ते घुटमळले. "अप्पांच्या नावाने... हे?" दुसऱ्याने सासऱ्यांचं नाव सुचवलं, बायकोने त्या रात्री जेवायला वाढलं नाही असं कळलं. पाटीच नको, गुप्तदान करा, असं मूर्तीसार म्हणाले, तेव्हा सभागृहात जी अस्वस्थता पसरली ती मी रोख्यांचे भाव कोसळतानाही पाहिली नव्हती.

शेवटी तोडगा निघाला. आधी जनजागृती. म्हणजे वॉकेथॉन.

रविवारी सकाळी साडेसहाला कब्बन पार्कात दोनशे लोक जमले. पिवळे टी-शर्ट, छातीवर 'स्वच्छतेसाठी चला', पाठीवर सात प्रायोजक. प्रत्येकाला पाण्याच्या दोन-दोन बाटल्या. आठ वाजता चालणं संपलं आणि त्या बाटल्यांचा परिणाम जाणवू लागला. पिवळ्या टी-शर्टांचा एक मोठा घोळका बाहेर पडून जवळच्या हॉटेलात घुसला. मॅनेजर शांतपणे म्हणाला, "सार, आतली सोय गिऱ्हाइकांसाठी आहे." तेव्हा जनजागृतीसाठी आलेल्या प्रत्येक जागृत नागरिकाने एकेक मसाला डोसा मागवला. मूर्तीसार माझ्यापुढे रांगेत होते. मागे वळून एवढंच म्हणाले, "शिकागो."

वॉकेथॉनला त्या वर्षीच्या उत्कृष्ट उपक्रमाचं पारितोषिक मिळालं. शौचालयाच्या खात्यावर अजून एक पैसा खर्ची पडला नव्हता.

यंदा जूनच्या शेवटी मी नेहमीप्रमाणे हारांसाठी मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर गेलो. आमची फूलवाली अक्का मोगरा मोळावर देते; मोळ म्हणजे आपला हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. गजऱ्याचं एक टोक कोपराशी दाबायचं, दुसरं बोटाशी ताणायचं, वर दोन बोटं जास्तीची सोडून कचकन दोरा तोडायचा. सहा मोळ मोजून झाले आणि ती एकदम थांबली. "सार, पाच मिनिटं बसता का? सकाळपासून..." पुढचं बोलली नाही. तीन गल्ल्या पलीकडे ओळखीचं घर आहे, तिथे जाऊ देतात. तरी ती दुपारपर्यंत पाणी पीत नाही, हे शेजारच्या लिंबूवालीने सांगितलं.

मी गोणपाटावर बसलो. पाच मिनिटांची पंचवीस झाली. तेवढ्यात चार बायका आल्या. मी तिच्यासारखंच कोपरापासून मोजून दिलं, वर दोन बोटंही सोडली. चौघीही फार खूश दिसल्या, कारण तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. अक्का परत आली, तिने टोपलीत पाहिलं, मग माझ्या हाताकडे पाहिलं आणि आपला हात माझ्या हाताला लावून दाखवला. माझा मोळ तिच्यापेक्षा चांगला चार बोटं लांब. नुकसानीचे एकशेवीस रुपये तिने क्लबाच्या बिलात मिळवले.

आता खजिनदार विचारतोय, हारांच्या बिलातले हे जादा एकशेवीस कुठल्या खात्यावर टाकायचे. मी व्हाउचरवर लिहून दिलंय : शौचालय प्रकल्प.