मेगापिक्सेलराव

मेगापिक्सेलरावांच्या घरात काळाची मोजणी इसवी सनात होत नाही. धाकट्या बहिणीचं लग्न ६ च्या काळातलं. मुलाची मुंज १२ वर झाली, वास्तुशांत ३६ वर. मुंज १२ वर म्हटल्यावर नवख्या पाहुण्याला वाटतं, बराच उशीर केला की यांनी! मग वहिनी खुलासा करतात, "मुलगा ८ चाच होता हो, कॅमेरा १२ चा." सध्या घरात ६१ चालू आहे. राव स्वतः अजून ५२ चे. कॅमेरा आपल्यापेक्षा वडील झाला याचं त्यांना भारी कौतुक.

नोकरी विम्याची, पण कॅमेरा घेणार तो 'प्रोफेशनलच'. रावांचा सिद्धांत सरळ आहे: आकडा मोठा, तो कॅमेरा मोठा. लेन्स कुठली, फोकस किती चपळ, उजेड कुठून येतोय, असली चर्चा निघाली की ते घड्याळ बघायला लागतात. खरी गोम इथेच आहे. या गोष्टी कळायला फोटो बघावा लागतो. मेगापिक्सेल फोटो न बघता कळतात. त्यामुळे रावांचं मत कायम तयार असतं आणि ते कधी चुकत नाही.

फोटो बघायची वेळ आलीच, तर त्यांची एक पद्धत आहे. मोबाइलवर कुणी नव्या नवरीचा फोटो दाखवला की राव दोन बोटांनी तो ताणायला घेतात. नवरी जाते, चेहरा जातो, नथ उरते. नथही जाते आणि एक मोती उरतो. तो मोती चौकोनी झाला की राव समाधानाने मोबाइल परत करतात. "बघ, फाटला." प्रदर्शनातही तेच. बाकीचे लोक मोठ्या प्रिंटपासून चार पावलं मागे सरतात, राव नाक टेकेपर्यंत पुढे जातात. निसर्गचित्रातल्या डोंगराचं त्यांना काही सांगता येत नाही, डोंगरावरच्या गवताबद्दल मात्र ठाम मत असतं.

त्यांच्या गल्लीत लग्नाचे फोटो काढणारा एक पोरगा राहतो. त्याच्याकडे २४ चा कॅमेरा आहे, म्हणून रावांना त्याची दया येते.

"काका," तो एकदा समजावायला बसला, "अल्बमचं मोठ्यात मोठं एक पान धरा, १२ बाय १८ इंच. इंचाला ३०० ठिपके लावले तरी २० मेगापिक्सेलच्या आत भागतं. ए-फोरला ९ पुरतात. तुमचा फोर-के टीव्ही सगळा मिळून ८ चा आहे."

"आणि होर्डिंग?"

"ते रस्त्याच्या पलीकडून बघतात. तिथे इंचाला ३० ठिपके असले तरी कुणाला कळत नाही."

"पण समजा, कुणी जवळ जाऊन बघितलं तर?"

"शिडी लावून?"

"समजा."

पोराने शिडीचा नाद सोडला आणि गणिताकडे वळला. २४ वरून ६१ वर गेलं की आकडा अडीचपट होतो, पण प्रिंटची लांबी दीडपटीच्या जेमतेम वर जाते. प्रिंट लांबी-रुंदीत दुप्पट हवी तर मेगापिक्सेल चौपट लागतात. शेवटी त्याने रावांना पटेल असा दाखला दिला. "सेन्सर दोघांचाही ३६ बाय २४ मिलिमीटरचाच ना? वडिलोपार्जित जमीन तेवढीच, काका. तुमच्यात वारस जास्त झाले. सातबारा लांबला, ऊन तेवढंच पडणार." राव विचारात पडले. मग म्हणाले, "पण सातबारा लांब असलेला बरा."

एकसष्टच्या प्रिंटचा विषय निघालाच म्हणून सांगतो: रावांच्या घरात भिंतीवर एकही प्रिंट नाही. कालनिर्णय आहे.

कॅमेरा कंपन्यांवर मात्र त्यांचा राग आहे. निकॉनचा डी१ हा वृत्तछायाचित्रकारांचा कॅमेरा १९९९ मध्ये पावणेतीन मेगापिक्सेलचाही नव्हता, हे ते उदारपणे माफ करतात. लोक तेव्हा अडाणी होते. पण सोनीने २०२० मध्ये ए७एस-३ काढला तो १२ चा! अंधारात आणि व्हिडिओला उत्तम म्हणून लोकांनी तो उचललाही. आणि २०२४ मध्ये कॅननने आर१ आणला, त्यांच्या आर मालिकेतला सगळ्यात वरचा, तो २४ चा. खेळाडू आणि बातमी पकडायला आकड्यापेक्षा वेग लागतो, फाइल क्षणात ऑफिसात पोचावी लागते, हे कारण रावांना पटत नाही. त्यांच्या मते कॅननच्या घरात काहीतरी अडचण असणार.

वेगाचा अनुभव त्यांना पुतणीच्या लग्नात आला होता. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं तसं रावांनी बटण दाबलं ते सोडलंच नाही. रॉ फाइल एकेक शंभर एमबीच्या वर आणि कार्ड ३६ च्या जमान्यातलं. 'सावधान' झालं, अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या आणि कॅमेरा गप्प. बफर भरला होता. नवरीने हार घातला तेव्हा राव कार्डाचा लाल दिवा विझण्याची वाट बघत होते. गल्लीतल्या पोराने दोन फोटो काढले. दोन्ही अल्बममध्ये आहेत. रावांकडे भटजी ओठ उघडत असल्याचे कितीतरी फोटो आहेत. भटजींचा प्रत्येक दात त्यात मोजता येतो.

तरी एक गोष्ट त्यांच्या पदरात टाकलीच पाहिजे. भिगवणला उजनीच्या पाण्यात रोहित बघायला गेलो असताना वरून एक शिकारी पक्षी गेला, फार लांबून. सगळ्यांच्या फोटोत तो ठिपकाच आला. रावांनी घरी येऊन आपला फोटो चहूबाजूंनी कापला, पुन्हा कापला, आणि उरलेल्या तुकड्यात पिसं दिसत होती. लेन्स लांब पुरत नसेल तेव्हा कापायला जादा पिक्सेल हाताशी असावेत, हे खरंच. पैठणीच्या जाहिरातीत जर दाखवायची असेल किंवा जुन्या चित्राची हुबेहूब प्रत करायची असेल, तेव्हाही ते लागतात. असं काम करणारे लोक १०० च्या पुढचे कॅमेरेही भाड्याने आणतात आणि काम झालं की परत देतात. परत देणं रावांना जमणार नाही.

गेल्या महिन्यात मुलाने बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायला घेतला. फोटो अर्थात रावांनी काढला, ट्रायपॉड लावून. फॉर्मवर अट होती: २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. रावांनी कागदावर गुणाकार केला आणि त्यांचा आवाज बसला. "सहा कोटी दहा लाखांतले ४६ हजार? बाकीच्यांचं काय करू?" रात्री उशिरापर्यंत फोटो कधी ५१ केबीवर अडत होता, कधी १९ वर.

सकाळी मुलगा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेला, मागोमाग राव. झेरॉक्सवाल्याने पांढऱ्या पडद्यासमोर उभं करून मोबाइलवर फोटो काढला, बारीक केला, चढवला आणि कॉप्या छापायला सोडल्या. राव काउंटरवर रेलून म्हणाले, "कितीचा आहे हो तुमचा?"

"४० ला ८," मान वर न करता तो म्हणाला.

रावांचा चेहरा उजळला. घरी येईपर्यंत त्यांची झोप भरून निघाली होती. "फॉर्म गेला ना? उत्तम," ते मुलाला म्हणाले. "फक्त तो फोटो मोठा करून बघू नकोस. ८ चाच आहे, फाटेल."