मोडकी गोब्लिन

दर शनिवारी संध्याकाळी माझा भाचा आमच्या जेवणाच्या टेबलावर एक जग मांडतो. किल्ले, भुयारं, खजिने सगळं त्याच्या डोक्यात. टेबलावर नुसते फासे, पेन्सिली आणि चिवडा. खेळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांचा, १९७४ सालचा. भाचा ‘डीएम’, म्हणजे आपल्या भाषेत सूत्रधार. त्याचे तीन मित्र खेळतात आणि एक गडी कमी पडला म्हणून मी. मी ड्वार्फ आहे. छातीवर रुळणारी दाढी, खांद्यावर कुऱ्हाड. (घरात लोणच्याच्या बरणीचं झाकण बायको उघडते, ते वेगळं.)

कॅरेक्टर शीट भरताना ‘भाषा’ असा रकाना आला. ‘‘मामा, ड्वार्व्हिश तुझी घरची. कॉमन सगळ्यांनाच येते. तू संघातला कारागीर, म्हणून आणखी एक फुकट. कुठली घेतोस?’’

भाजी घेतल्यासारखी मी गोब्लिन घेतली. पेन्सिल खाली ठेवेपर्यंत मला ती अस्खलित येऊ लागली होती. व्याकरणासकट, शिव्यांसकट.

इथे माझा घास अडला. माझी सासुरवाडी धारवाडची. लग्नाला २४ वर्षं झाली. या खेळाच्या २०१४ च्या पुस्तकात नवी भाषा शिकायला २५० दिवस आणि रोजची एक सुवर्णमुद्रा एवढाच खर्च सांगितलाय. त्या हिशेबाने एव्हाना मला ३५ भाषा यायला हव्या होत्या. सुवर्णमुद्रांचं म्हणाल तर दर दिवाळीला त्याहून जास्त गेलंय. प्रत्यक्षात मला कन्नड कशी येते? माझ्याबद्दल बोलत असतील तर पूर्ण कळते. इतर विषयांवर निम्मी. बोलायची वेळ आली की ‘ऊटा आतेन्री?’ एवढं विचारून मी हसत उभा राहतो. पहिल्या दिवाळसणाला सासूबाई होळगी वाढत होत्या. ‘साकु’ म्हणजे पुरे, ‘बेकु’ म्हणजे हवं, हे मी आगगाडीत घोकून ठेवलं होतं. ऐन वेळी हात आडवा धरून मी ठणकावून ‘बेकु’ म्हणालो. दुसऱ्यांदा आणखी ठणकावून. पाचव्या होळगीला मेव्हण्याला दया आली.

आता या अवस्थेला कॅरेक्टर शीटमध्ये रकाना कुठला? तिथे भाषा एक तर येते, नाही तर येत नाही. आपण सगळे तर मधल्या कुठल्या तरी पायरीवर बसलेलो.

भाच्याने ऐकून घेतलं. म्हणाला, ‘गर्प्स’ नावाच्या दुसऱ्या एका खेळात पायऱ्या आहेत: मोडकी, हेल काढून बोललेली आणि मातृभाषेसारखी. शिवाय बोलणं वेगळं, वाचणं वेगळं. बनवणारा नक्की कुणाचा तरी जावई असणार.

आमच्या खेळाच्या जुन्या पुस्तकांतली गंमत त्याहून भारी. पूर्वी त्यात वृत्तीची भाषा असायची. सज्जनांची एक, दुर्जनांची दुसरी. आणि वृत्ती बदलली की जुनी भाषा बोलता येईनाशी व्हायची! आपल्या विधानसभेत हा नियम असता तर अध्यक्षांना रोज नवा दुभाष्या लागला असता.

चोरांची सांकेतिक बोली मात्र अजून आहे. साध्या बोलण्यापेक्षा तिला चौपट वेळ लागतो, असं २०१४ चं पुस्तकच सांगतं. हे मला पटलं, कारण लहानपणी आम्ही च-ची भाषा बोलायचो. ‘चईआ चतेये’ एवढं सांगेपर्यंत आई येऊन धपाटा घालून गेलेली असायची. भाच्याला ही भाषा माहीतच नव्हती. मी शिकवली. ती चूक झाली.

पुढच्या शनिवारी आम्ही गोब्लिनांच्या गुहेत शिरलो आणि पहारेकरी ओरडला, ‘‘चठेकु चललातचा?’’

तिघे मित्र माझ्याकडे बघायला लागले. भाचा गालात हसत होता. गोब्लिन भाषा आता च-ची झाली होती आणि माझ्या शीटवर त्याने ‘गोब्लिन’च्या आधी कंसात ‘मोडकी’ असं लिहून ठेवलं होतं. महत्त्वाचं काही बोलायचं तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. अकराच्या खाली पडला तर म्हणायचं एक, निघणार भलतंच.

वाटाघाटी बऱ्या चालल्या. गोब्लिनांच्या म्हातारीने आम्हाला बसवून घेतलं आणि बेडकांचा रस्सा वाढला. पहिला वाडगा मी शौर्याने संपवला. ती पुन्हा पळी घेऊन आली तेव्हा मी हात आडवा धरला आणि स्पष्ट म्हणालो, ‘‘चरेपु!’’

‘‘फासा टाक,’’ भाचा म्हणाला.

तीन पडला.

‘‘मामा,’’ चिवड्याचा बकाणा भरत तो म्हणाला, ‘‘म्हातारी खूश झालीये. मोठा वाडगा आणायला आत गेलीये.’’