दोन टिंबं

आमची भाची लोअर परळमधल्या एका काचेच्या इमारतीत बसून लिपस्टिकचं ‘स्टोरीटेलिंग’ करते. (लिपस्टिकला कसली आली गोष्ट, असं विचारायचं नाही. मी एकदा विचारलं, तर गणपतीपासून दिवाळीपर्यंत अबोला होता.) गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला. “मावशी, काळपट लाल, जांभळ्याकडे झुकणारा पण जांभळा नाही, अशा रंगाला आपल्यात काही नाव आहे का गं?”

“आमसुली,” मी म्हटलं. कांदा चिरत होते, हात थांबवण्याचीसुद्धा गरज पडली नाही.

पलीकडे शांतता. मग कुणीतरी पुरुषी आवाजात “वॉव” म्हणालं. फोन स्पीकरवर होता हे मला तेव्हा कळलं.

त्या ‘वॉव’चं फळ परवा कुरियरने घरी आलं. चपलांच्या खोक्याएवढी पेटी, पेटीत चुरगळलेला पातळ कागद, कागदात मखमली बटवा, बटव्यात लिपस्टिक. वजन साडेतीन ग्रॅम. सौंदर्यप्रसाधनांचा एक ब्रँड आणि साड्यांचं एक डिझायनर लेबल यांनी मिळून काढलेली लिमिटेड एडिशन. नाव आमसूल, रोमन लिपीत. आणि त्यातल्या ‘यू’च्या डोक्यावर दोन सोनेरी टिंबं.

मला आधी वाटलं, छापताना काही उडालं असेल. नखाने खरवडून पाहिलं. निघेनात. भाचीला फोन लावला.

“मावशी, ते आमसूल नाहीये. आम्स्युल. ओठांचा चंबू कर आणि म्हण.”

केला चंबू. म्हटलं. शेजारच्या खोलीतून “काय झालं?” अशी विचारणा झाली.

तर हे कोलॅबोरेशन आठ महिने चाललं होतं. आठ महिन्यांत कुणी काय केलं, हे मी खोदून खोदून विचारलं. ब्रँडने लिपस्टिक दिली. ती त्यांच्याकडे होतीच, नेहमीच्या मालिकेतली चौदा नंबरची, ‘जरा वॉर्म केलेली’. मग लेबलने काय दिलं? लेबलने टिंबं दिली. पैठणीच्या पदरावरच्या बुट्टीवरून ती ‘इन्स्पायर’ झालेली आहेत. आधी तीन होती, ती फार गजबजलेली वाटली. मग एकच ठेवलं, ते एकाकी वाटलं. दोनवर एकमत झालं, पण दोघांमध्ये अंतर किती ठेवायचं यावर एक अख्खा गुरुवार गेला. मूडबोर्डावर ओल आलेली भिंत होती, पितळी कुलूप होतं, एका बाईची मान होती. कोकम मात्र नव्हतं. मनासारखा फोटो मिळाला नाही म्हणून त्या जागी डाळिंब लावलं होतं.

नेहमीच्या चौदा नंबरची किंमत ८५० रुपये. आम्स्युलची १६५०. आतला ऐवज तोच, साचा तोच, कांडीही तेवढीच. म्हणजे फरकाचे ८०० रुपये दोन टिंबांचे. टिंबाला ४००. बटवा मी धरलेला नाही, कारण असले बटवे लग्नात सुपारीबरोबर फुकट मिळतात.

आमच्या गल्लीत लग्नपत्रिका छापणारे एक काका आहेत. त्यांना पेटी दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, टिंबांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “हॉट फॉइल आहे. पत्रिकेवर गणपती उठवतो, तेच हे. गणपतीतून उरलेल्या कात्रणातसुद्धा दोन टिंबं निघतील, ताई.”

इथे माझं जुनं दुखणं वर आलं. वाचकांनी सांभाळून घ्यावं. टिंबांच्या बाबतीत मराठी माणसाइतका उधळ्या माणूस जगात झाला नसेल. माझ्या आजोबांची पत्रं आहेत माझ्याकडे. ‘मी पुण्यांत सुखरूप पोंचलों, कांहीं काळजी करूं नये.’ नुसता ‘कांहीं’ बघा. दोन टिंबं! डोक्यावर अगदी तशीच शेजारी शेजारी, आणि एकाही डिझायनरचा गुरुवार खर्ची न पडता. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ही सगळी न उच्चारली जाणारी टिंबं काढून टाकली. कारण काय, तर त्यांचा उच्चार होत नाही. आपण ऐकलं. ‘नांव’चं नाव केलं, ‘पांच’चे पाच केले, कुणी नुकसानभरपाई मागितली नाही. काल रात्री मी आजोबांच्या एका पोस्टकार्डावरची टिंबं मोजली. जे अनुस्वार आजही उच्चारतो ते प्रामाणिकपणे वगळले. तरी त्रेसष्ट भरली. चारशेच्या भावाने २५,२०० रुपये होतात, एका पोस्टकार्डाचे! आजोबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. आयुष्यभर त्यांनी हातातून एवढी संपत्ती उधळली आणि आम्हाला मागे ठेवली ती एक सायकल. आणि या नव्या टिंबांचा उच्चार तरी होतो का? मॉलमधल्या काउंटरवर जाऊन ऐकून आले. तिथली मुलगी ‘अमझूल’ म्हणते. म्हणजे उच्चार होत नाही म्हणून आपण जी फेकली, ती उच्चार होत नाही म्हणूनच विकत घेतोय.

असो. पैठणीचं म्हणाल, तर तिची ओळख पटवायची सोपी खूण म्हणजे पदर उलटून बघायचा. हातमागावरच्या अस्सल पैठणीचा मोर मागूनही मोरच दिसतो, कारण नक्षी मागावर धाग्यात धागा गुंतवत विणलेली असते, वरून चिकटवलेली नसते. मी पेटी उलटली. मागे पांढरं. एका कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरात कारखान्याचा पत्ता होता. कपाटातून माझी चौदा नंबरची काढून शेजारी ठेवली. तोच कारखाना, तोच प्लॉट नंबर.

आणि खाली घटकांची यादी. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यायची असते, एक टक्क्याच्या खाली गेल्यावर मागेपुढे चालतं. आधी तेलं, मग मेणं, मग रंग, मग सुगंध, आणि सुगंधाच्याही खाली ‘गार्सिनिया इंडिका सीड बटर’. पेटीतल्या कार्डावर हिचं वर्णन ‘दुर्मीळ वनस्पतिजन्य स्निग्धता’ असं आहे. अहो, मुठेल आहे ते! भिरंडेल म्हणा, कोकमतेल म्हणा. कोकमाच्या बिया फोडायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर आलेला तवंग गोळा करून मुठीत दाबायचा. बोटांच्या खुणांसकट जो गोळा बनतो तो मुठेल. रत्नागिरीला माझी आत्या थंडीत तो पळीत वितळवून टाचांच्या भेगांत भरायची, आणि उरलेला हात आमच्या ओठांवरून फिरवायची. आधी टाचा, मग ओठ. हे स्टोरीटेलिंग मी भाचीला देऊ केलं. तिने फोन स्पीकरवरून काढला.

राग कशाचा येतो सांगू? महाग विकण्याचा नाही. विका. एप्रिल-मेमध्ये कोकणात अंगणाअंगणात बायका फळं फोडत बसतात, सालं रसात बुडवून वाळवतात, पुन्हा बुडवतात, पुन्हा वाळवतात. हात असे रंगतात की शाळा उघडेपर्यंत तो रंग जात नाही. त्या हातांना कुणी चौदा नंबर देत नाही की टिंब देत नाही, आणि त्यांच्या मुठेलाला यादीत अत्तराच्या खालची जागा. पण मूडबोर्डावर डाळिंब? तुम्हाला नाव पाहिजे, तेल पाहिजे, रंग पाहिजे, आणि ते फळ कसं दिसतं हे बघायला पनवेलच्या पुढे जायची तसदी नको?

लेबलवाल्यांनाच का बोला, आपणही काही कमी नाही. परवा साडीच्या दुकानात आमसुली मागितली. पोरगा गोंधळला, मालकाकडे बघू लागला. मालक म्हणाला, “अरे, वाईन. वाईन दाखव ताईंना.” अंजिरी मागितली, तरी वाईन. डाळिंबी, तीही वाईन. वांगी रंगाच्या साडीला तर ‘डार्क वाईन’. अख्खं दुकान झिंगल्यासारखं वाटलं. 

‘केवळ ५००० नग’ असं पेटीवर आहे. पाच हजारच का, हे मी विचारलं होतं. मला वाटलं, त्यामागेही काही पैठणीबिठणी असेल. तर पेटी छापणाऱ्याला त्याहून कमी नगांची ऑर्डर परवडत नव्हती.

लेख टाइप करून पाठवला, तर मघाशी आमच्या मुद्रितशोधकांचा फोन. शीर्षकाबद्दल शंका होती. “‘टिंबं’ ठेवायचं की ‘टिंबे’ करू? तेवढंच एक टिंब वाचेल.”

म्हटलं, राहू द्या हो. चारशे रुपयांचं आहे.