मुलगा डाऊन-टू-अर्थ आहे

मी निवृत्त आणि चष्मेवाला, त्यामुळे बडोद्याच्या निजामपुऱ्यातल्या मराठी घरांचे लग्नाचे बायोडेटा तपासायचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. रास, नाडी, पॅकेज दरवेळी वेगळं. 'स्वभाव' या रकान्यात मात्र सगळे डाऊन-टू-अर्थ. परवा एक मुलगा 'एक्स्ट्रीमली डाऊन-टू-अर्थ' निघाला. तळघरात राहत असावा.

इंग्रजीत हे विशेषण तसं अलीकडचं, १९३०च्या आसपास रुळलेलं. हवेत मनोरे बांधणाऱ्याला 'खाली ये बाबा, जमिनीवर' म्हणतात ना, त्याच जातकुळीतलं. अर्थ एवढाच की गडी भ्रमात नाही, त्याला व्यवहार कळतो, उगाच बडेजाव करत नाही. गरीब स्वभाव, मोठ्यांच्या पाया पडणं हा सगळा माल आपण पदरचा भरला.

त्याच सुमारास, १९३१ साली, सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' निघाला. कारभारातल्या इंग्रजी शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी असे प्रतिशब्द. एकूण आठ भाषा. वधूवर खातं तेवढं महाराजांच्या नजरेतून सुटलं.

मी एकदा डाऊन-टू-अर्थ खोडून सरळ 'व्यवहारी' लिहिलं. मुलाची आई हादरलीच.

"काका, व्यवहारी काय? लोकांना वाटेल चिकट आहे!"

शेजारच्या बेन तिथेच बसल्या होत्या. त्यांचे डोळे चमकले. "छोकरो व्यवहारू छे? तो पछी जोवानुं शुं?"

त्यांच्याकडे ही पदवी, आपल्याकडे आरोप. पैशाचं बोलायचं तर आपण आधी घसा खाकरतो. आणि मुलाची हीच माउली पाव किलो भेंडीवर मूठभर कोथिंबीर, चार मिरच्या आणि एक लिंबू फुकट उपटते, वर भाजीवाल्यालाच ऐकवते, "भैया, तुमचं आमचं काय वेगळं आहे का!"

खरी डाऊन-टू-अर्थ म्हणावी तर बडोद्याची सेव-उसळ. आपली उसळ, त्यांची शेव, वर झणझणीत तरी; देण्याघेण्याची बोलणी न होता जमलेलं हे एकमेव लग्न.

अखेर 'व्यवहारी' गेलं, डाऊन-टू-अर्थ परत आलं. मुलीचे वडील आले, तर त्यांनी 'स्वभाव' वाचलाच नाही. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी सोसायट्यांत शिरलं होतं, पाठोपाठ मगरीही. त्यांनी एकच विचारलं, "फ्लॅट कितव्या मजल्यावर?"

"चौथ्या," मुलाची आई म्हणाली. "लिफ्ट आहे. पार्किंग मात्र खालीच हं."

"गाडीचा विमा?"

"भरलाय."

त्यांनी पत्रिका मागितली.